एकही फोन न तुटता

मी ज्या यंत्रणेवर काम करते तिच्यात खऱ्या माणसांचे आवाज थांबलेले असतात, हे मला नोकरीला लागल्यावर वर्षभरानं उमगलं. तसं माहीत पहिल्या दिवसापासून होतं. जनावरांच्या उपचारासाठी एक फोन नंबर आहे. त्यावर फोन आला की हिंगोलीच्या केंद्रात बसलेली मुलगी गावाचं नाव आणि जनावराला काय होतंय ते विचारून संगणकात भरते. मग आमचा प्रोग्रॅम ठरवतो, की हे किती तातडीचं आहे आणि जिल्ह्यातल्या चार गाड्यांपैकी कोणती गाडी तिकडं जाईल. गाडीत डॉक्टर, औषधं आणि लशींची थंड पेटी. कंपनी पुण्याची आहे. मी मात्र गोरेगावात, आमच्या घराच्या माडीवर बसून काम करते. खाली बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मेंढ्यांचा वाडा, वर मी आणि माझा लॅपटॉप.

मेंढरं राखणाऱ्याची पोरगी संगणकात शिकली म्हणून गावात माझं थोडं कौतुक होतं. पण मी नेमकं काय करते ते कुणी विचारत नव्हतं आणि मीही सांगत बसत नव्हते. इथं मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा प्रोग्रॅम एका मशीनवर चालत नाही. त्याच्या सहा सारख्या प्रती सहा कंटेनरांमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला लागेल ते सगळं सोबत भरून बंद केलेलं खोकं. अशी खोकी सांभाळणाऱ्या मशीनांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. एखादं खोकं बंद पडलं की क्लस्टर आपोआप तसंच दुसरं उभं करतो. आलेला फोन यांपैकी एक कंटेनर धरून ठेवतो आणि केंद्रातली मुलगी मोकळी झाली की तिला जोडून देतो. फोन लागताच रेकॉर्ड केलेला आवाज ठळक लक्षणं बटणं दाबायला सांगून विचारून घेतो, त्यावरून थांबलेल्यांची रांग लागते, आणि पाळी येईपर्यंत फोन करणाऱ्याच्या कानात सनईची धून वाजत राहते.

गोम अशी होती, की कोणतं गाव कोणत्या गाडीला, कोणतं लक्षण किती तातडीचं, ही सगळी सेटिंग्ज त्या खोक्याच्या आतच भरून टाकलेली होती. एका गावाची गाडी बदलायची तरी नवी खोकी तयार करा, तपासा आणि जुनी बंद करून नवी सुरू करा. पाऊण तास जायचा. आणि जुनं खोकं बंद होताना त्यानं धरलेले फोन तुटायचे. आमच्या कागदपत्रांत त्याला एक छान नाव होतं, 'किरकोळ व्यत्यय'. मी स्वतः तो शब्द दोन-तीनदा लिहिला असेल.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सेनगावच्या गाडीचा क्लच गेला. केंद्रातून निरोप आला, की सेनगावची गावं आजच्या दिवस हिंगोलीच्या गाडीला जोडा. मी नेहमीप्रमाणे सगळं केलं, कंटेनर बदलले, काम झाल्याचं कळवलं आणि जेवायला खाली गेले.

गुरुवारी संध्याकाळी मेंढरं वाड्यात येत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी दिसत नाही. ती गाभण होती.

"बापू, ती ठिपकेवाली कुठंय?"

"मेली ती. सोमवारीच."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू कामात हुतीस. सांगून काय करायचं." बापू वाड्याचं दार लावत होते. "पोट फुगलं तिचं. मी तिकडं वढ्याच्या अंगाला हुतो. तुमच्या त्या नंबरला फोन लावला. सनई वाजून राहिली हुती, अन् मधीच कट झाला. पुन्हा लावला तं पुन्हा मागं नंबर. गाडी आली म्हना, डॉक्टर बी चांगला हुता. पर तवर संपलं हुतं."

मी त्यांचा फोन मागून घेतला. बटणांचा जुना फोन. त्यात सोमवारचा कॉल होता, अकरा वाजून सोळा मिनिटांचा. मी माडीवर जाऊन माझी नोंद काढली. मी कंटेनर बदलायला सुरुवात केली होती अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी.

मग खाली आले. बापू चुलीपाशी हात शेकत बसले होते.

"बापू, तो फोन मी तोडला."

"तू काहून तोडशील?"

मी सांगितलं. क्लच, गाड्या, सेटिंग, खोकी, सगळं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे गाडी बदलायची तं चालू फोन बंद करा लागतेत?"

"हो."

"ह्ये बराबर न्हाई," ते म्हणाले. रागानं नाही. माप चुकलेल्या दुकानदाराला सांगावं तसं, शांतपणे. आणि मग भाकरी वाढ म्हणाले.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ऑनलाइन बैठकीत मी पुण्याच्या सरांपुढं विषय काढला. सर म्हणजे आमच्या तिघांच्या टीमचे प्रमुख. या धंद्यात वीस वर्षं काढलेला सावध माणूस. मी म्हणाले, की सेटिंग्ज कंटेनरातून बाहेर काढू या. क्लस्टरमध्ये ती वेगळी ठेवायची सोय आहे. तिथून ती प्रत्येक कंटेनरात एक फाइल म्हणून दिसतील. आपला प्रोग्रॅम त्या फाइलवर नजर ठेवेल, आणि ती बदलली की चालता चालताच नवी सेटिंग्ज उचलेल. काहीच बंद करायला नको.

सरांना ते लगेच पटलं नाही.

"मी एकदा हे केलेलं आहे," ते म्हणाले. "आधीच्या नोकरीत. चालू सिस्टिमची सेटिंग फाइल बदलली. एक स्वल्पविराम राहून गेला. सगळी प्रणाली एका क्षणात झोपली. खोकी नव्यानं तयार करताना निदान तपासणी होते. चालत्या प्रोग्रॅमला तू काहीही भरवशील आणि तो ते गिळेल."

"मग न गिळणारा प्रोग्रॅम लिहिते."

"वाईट सेटिंग आली तर?"

"नाकारेल. जुनीच चालू ठेवेल आणि ओरडून सांगेल."

"कुणी बदललं, काय बदललं, हे कळायला हवं. आणि दुसऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय काहीही आत जाता कामा नये."

"नाही जाणार."

"तुला हे इतकं घाईनं का हवंय?"

मी त्यांना मेंढीचं सांगितलं. मग सर म्हणाले, "तीन आठवडे घे. बाकीची कामं मी पाहतो."

मी कामाला लागले. पहिले दहा दिवस सगळं भराभर होत गेलं. सेटिंग्ज बाहेर काढली, फाइल तयार झाली, चाचणीच्या क्लस्टरवर दोन कंटेनर उभे केले. मी हट्टा या गावाची गाडी वसमतऐवजी हिंगोली अशी बदलली आणि पडद्याकडं बघत बसले. मिनिटाच्या आत दोन्ही कंटेनरांनी लिहिलं, 'नवी सेटिंग्ज लागू.' मी खुर्चीतून उठून खाली जाऊन आईला सांगून आले. आई म्हणाली, बरं झालं, आता केस तरी विंचर.

वर आले आणि हट्टा परत वसमतच्या गाडीला जोडलं. काहीच झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फाइल उघडून पाहिली तर आत बदल आलेला होता. म्हणजे क्लस्टरनं त्याचं काम केलं होतं. फक्त माझ्या प्रोग्रॅमला ते दिसत नव्हतं. प्रोग्रॅम बंद करून सुरू केला की पहिला बदल बरोबर दिसे. दुसऱ्याला पुन्हा आंधळा. दरवेळी असंच. पहिला दिसतो, दुसरा नाही.

चार दिवस मी त्याच्यामागं होते. जे जे सुचलं ते बदलून पाहिलं. नजर ठेवणारा भाग तीन प्रकारांनी लिहून झाला. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज मवाळ होता.

"अडकलीस तर सांग. दर अर्ध्या तासानं फाइल नव्यानं वाचायची असं करू. वाईट नाही ते."

"सर, अर्ध्या तासात मेंढी मरते."

मी हे बोलून गेले आणि मलाच दचकल्यासारखं झालं. सर म्हणाले, "ठीक आहे. शोध."

पाचव्या दिवशी दुपारी मी फाइलचा नाद सोडला आणि ती ज्या फोल्डरमध्ये होती तो फोल्डरच उघडून पाहिला. नुसता नाही, लपवलेल्या गोष्टींसकट. इतके दिवस मी ती फाइल थेट नावानं उघडत आले होते, तिच्या आजूबाजूला काय आहे ते पाहिलंच नव्हतं. आजूबाजूला बरंच काही होतं. तारीख-वेळ नावात असलेला एक लपवलेला फोल्डर होता आणि त्याच्याकडं बोट दाखवणारी एक खूण होती. मी एक बदल केला आणि पुन्हा पाहिलं. जुना फोल्डर गायब, नव्या वेळेचा नवा फोल्डर हजर, आणि खुणेचं बोट आता नव्याकडं.

म्हणजे क्लस्टर माझ्या फाइलमध्ये कधी काही लिहीतच नव्हता. तो प्रत्येक वेळी शेजारी नवी फाइल तयार करत होता, खूण नव्याकडं वळवत होता आणि जुनी फाइल टाकून देत होता. माझा प्रोग्रॅम पहिल्या बदलाला 'फाइल हलली' एवढं ओळखत होता आणि त्यानंतर टाकून दिलेल्या त्या जुन्या फाइलवरच इमानदारीनं डोळे लावून बसत होता. ती पुन्हा कधीच हलणार नव्हती.

मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की खालून आई धावत वर आली. तिला वाटलं साप निघाला.

नजर फाइलवरून काढून फोल्डरवर ठेवली. बारा ओळींचं काम. दुसरा बदल दिसला, तिसरा दिसला. त्या दुपारी मी हट्ट्याची गाडी चाळीस वेळा बदलली. चाळीसही वेळा दोन्ही कंटेनरांनी निमूट ऐकलं.

मग सरांनी स्वतः ते मोडायचा प्रयत्न केला. रिकामी फाइल दिली. प्रोग्रॅमनं नाकारली. मुद्दाम स्वल्पविराम गाळला. नाकारली. हट्टा ऐवजी 'हटा' लिहिलं. असं गाव यादीत नाही म्हणून नाकारली. दरवेळी जुनी सेटिंग्ज जशीच्या तशी चालू राहिली आणि आमच्या फोनवर तक्रार आली, की अमक्यानं अमुक वेळी दिलेली सेटिंग्ज या कारणानं घेतलेली नाहीत. शेवटी सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं.

हिंगोलीच्या केंद्राच्या प्रमुख एक डॉक्टरबाई आहेत. कोणतं लक्षण किती तातडीचं, ते त्या ठरवतात. त्यांना दाखवायला मी हिंगोलीला गेले. त्यांनी लगेच दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"सहाही कंटेनरांना बदल एकाच क्षणी कळतो?"

"नाही. मिनिटभर मागंपुढं होतं."

"म्हणजे तेवढ्या मिनिटात एकाच लक्षणाला इथं एक नियम आणि तिथं दुसरा?"

"हो."

"मग माझ्या मुलींना ते दिसू द्या. त्या गोंधळल्या नाही पाहिजेत."

म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात सेटिंग्जचा क्रमांक टाकला. सहा कंटेनरांची सहा छोटी घरं. ज्याला नवा क्रमांक कळला त्याचं घर हिरवं. फोनवर बसणाऱ्या मुलींपैकी सगळ्यात जुनी मुलगी हिंगोलीचीच, मला दीदी म्हणणारी. घरी दखनी बोलणारी आणि फोनवर शुद्ध मराठीत सगळ्यांना धीर देणारी. ती म्हणाली, "दीदी, ये अच्छा है. सहा हिरवे झाले की बराबर."

खऱ्या क्लस्टरवर आम्ही ते चढवलं आणि पंधरा दिवस काही घडलंच नाही. एकदा वसमतच्या गाडीची वेळ बदलली, एवढंच.

मग ती सकाळ आली. उन्हाळा नुकताच लागला होता. साडेनऊलाच पडद्यावरच्या थांबलेल्या फोनांचा आकडा नेहमीच्या दुप्पट झाला. मला वाटलं आमचंच काहीतरी बिघडलं. तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन आला.

"तुमचं काही बिघडलेलं नाही. सेनगावकडं शेळ्यांमध्ये पीपीआर शिरलाय, शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. आमच्या गाडीनं आत्ता तीन कळप पाहिले. नाकातून शेंबूड, डोळ्यांना घाण, तोंडात फोड आणि हगवण. हा हवेतून पसरतो. आजारी शेळी वेगळी नाही काढली तर अख्खा कळप जाईल, मेंढ्यासुद्धा. चांगल्या जनावरांना आजच लस टोचायला हवी."

"मला काय करायचं सांगा."

"तुमचा प्रोग्रॅम नुसत्या शेंबडाला साधा समजतो आणि नुसत्या हगवणीलाही साधा समजतो. म्हणून हे सगळे फोन मागं ढकलले जातायत. पाय मुरगळलेला बैल पुढं आहे. शेंबूड आणि हगवण दोन्ही एकत्र असतील तर ते पहिल्या रांगेत हवेत. मुलींच्या पडद्यावर ठळक अक्षरांत यायला हवं, 'आजारी जनावर आत्ता वेगळं बांधायला सांगा.' आणि हिंगोली आणि कळमनुरी या दोन्ही गाड्या मला सेनगावकडं द्या. आत्ता."

आत्ता म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. ओळीत थांबलेल्या फोनांकडं मी पाहिलं. त्या प्रत्येक फोनच्या पलीकडं कुणीतरी माळावर उभं होतं, सनई ऐकत. जुन्या पद्धतीनं गेलो असतो तर ते सगळेच्या सगळे तुटले असते, आणि तेही पाऊण तासानंतर.

गावातली लाइट गेली होती. मी मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडला आणि गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले, तिथं रेंज बरी येते. नियम लिहिला, सूचना लिहिली, दोन गाड्या सेनगावला दिल्या आणि हिंगोली नि कळमनुरीची गावं वसमतच्या गाडीला जोडली. सरांना पाठवलं. ते फोनवरच होते. त्यांनी ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली.

"मला ठीक दिसतंय. सोड."

मी सोडलं.

फोन थरथरला. 'सेटिंग्ज घेतलेली नाहीत.'

खाली कारण होतं. औंढ्याकडची सात गावं कोणत्याच गाडीला जोडलेली नाहीत. ती आधी कळमनुरीच्या गाडीकडं होती. मी घाईत त्यांना विसरले होते आणि ओळ न् ओळ वाचणाऱ्या सरांच्याही नजरेतून ती सुटली होती. ही सेटिंग्ज आत गेली असती तर त्या सात गावांतून आलेल्या फोनला कुठलीच गाडी मिळाली नसती.

"फोन?" सरांनी विचारलं.

मी आकडा पाहिला. "सगळे आहेत. जुन्याच सेटिंग्जवर चालू आहे सगळं. एकही तुटला नाही."

"तुझ्या प्रोग्रॅमनं आपल्या दोघांना पकडलं," सर म्हणाले. "सातही गावं वसमतला दे. पुन्हा पाठव."

दिली. या वेळी सरांनी दोनदा वाचलं. सोडलं.

केंद्रातला फोन मी स्पीकरवर ठेवला होता. दीदी म्हणणारी ती मुलगी मोजत होती. "एक हिरवा... दोन... तीन... चौथा अभी नहीं, दीदी... आला, चार. पाच." मी टाकीच्या थंड सिमेंटला पाठ टेकून डोळे मिटले. "सहा! दीदी, सहा झाले! लाइन तशीच आहे! आणि बघा, शेळीवाले वर आले, सगळे वर आले!"

मागून दुसऱ्या मुलीचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी सांगणारा, "काका, ती शेळी आत्ताच्या आत्ता दावणीवरून सोडा आणि लांब बांधा. पाणीसुद्धा वेगळ्या भांड्यात द्या. गाडी निघाली आहे." त्या काकांना काहीच कळलं नव्हतं. ते फोन लावून ओळीत थांबले होते तेव्हा प्रोग्रॅमला त्यांची शेळी तातडीची वाटत नव्हती. थांबलेले असतानाच वाटायला लागली. सनईचा एक सूरसुद्धा चुकला नाही.

मी गच्चीवर उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून नाचले. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणारी चुलती माझ्याकडं बघत राहिली.

तो दिवस आणि पुढचे सहा दिवस डॉक्टरबाई सांगत गेल्या आणि आम्ही बदलत गेलो. लशीची गाडी कुठं, उपचाराची गाडी कुठं. मेंढ्यांच्या तोंडातले फोड पहिल्या रांगेत. नव्या गावात रोग दिसला की त्याच्या आजूबाजूची गावं लशीच्या यादीत. कधी दिवसातून दोनदा, कधी चारदा. सरांनी प्रत्येक ओळ पाहिली. प्रोग्रॅमनं आणखी एकदा मला नाकारलं आणि एकदा सरांना. दरवेळी तोच बरोबर होता.

शेळ्या गेल्या. खोटं कशाला सांगू. पहिल्या तीन कळपांत बऱ्याच गेल्या आणि नंतरही इकडंतिकडं गेल्या. पण सेनगाव ओलांडून रोग पुढं सरकला नाही. चौथ्या दिवशी आमच्या गोरेगावात लशीची गाडी आली. बापूंनी मेंढरं रांगेनं आणून उभी केली. शेजारच्या आळीतले चाचा बकऱ्यांचा व्यापार करतात, त्यांच्याही बकऱ्या आल्या. डॉक्टर टोचत होता, बापू मेंढी धरत होते, चाचा बकरी धरत होते, आणि कुणाची लवकर होतात यावरून दोघांची चढाओढ लागली होती. मी खिडकीतून बघत होते. त्या सकाळी हिंगोलीच्या गाडीला गोरेगाव मीच जोडलं होतं, पण खाली कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती.

आठव्या दिवशी केंद्रातून दिवसभराचा हिशोब आला. नवा रुग्ण एकही नाही. त्याखाली डॉक्टरबाईंनी स्वतः एक ओळ लिहिली होती: या आठवड्यात आमच्या बाजूनं एकही फोन तुटलेला नाही.

मी लॅपटॉप उचलला आणि खाली गेले. बापू वाड्यात नव्या कोकराला दूध पाजत होते. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली.

"किती डाव बदललं तुमी?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस वेळा."

"अन् फोन चालूच?"

"चालूच."

त्यांनी कोकरू खाली सोडलं, हात धोतराला पुसले आणि लॅपटॉपच्या पडद्याकडं वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सहा हिरवी घरं होती तिथं. त्यांनी ती बोटानं मोजली.

"आता बराबर हाय," ते म्हणाले.

पुढं कंपनीनं ही पद्धत बाकीच्या जिल्ह्यांतही लावली. सरांनी सगळ्यांसमोर ती समजावून सांगायला मला पुण्याला बोलावलं. मी गेले आणि मराठीतच बोलले. एकानं विचारलं, की हे करताना सगळ्यात अवघड काय होतं? मी फोल्डर आणि खुणेचं सांगितलं, ते त्यांना आवडलं. 'किरकोळ व्यत्यय' हा शब्द आपल्या सगळ्या कागदपत्रांतून काढून टाकावा, हेही मी तिथंच मागितलं. सरांनी तो त्याच बैठकीत, सगळ्यांदेखत काढला. लक्षणांची तातडी केंद्रानं स्वतःच बदलावी, अशी सोयही आम्ही करून दिली.

पण मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्यानंतरच्या एका शुक्रवारी. दुपार होती, मी हिंगोलीला एसटी स्टँडजवळ आईबरोबर उसाचा रस पीत उभी होते. फोन थरथरला. नवी सेटिंग्ज लागू, सहापैकी सहा. बदल करणाऱ्या: डॉक्टरबाई. पाहणारी: फोनवर बसणारी ती हिंगोलीची मुलगी. कारण: वासरांच्या हगवणीला आता अधिक तातडी. त्यांनी मला विचारलं नव्हतं आणि कळवलंही नव्हतं. त्यांना एक गोष्ट बदलावीशी वाटली, त्यांनी बदलली, आणि कुठंतरी कुणाच्या तरी कानात सनई वाजत राहिली.

"कोण हाय?" आईनं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि रसवाल्याला आणखी दोन ग्लास सांगितले.